बोरसे सरांची माहेरवाशीण

आमची आई आम्हाला कधी कुरवाळायची नाही. हे वाचून कुणी हळहळू नये. ती दोंडाईच्याला मिरचीच्या पथारीवर कामाला होती. उघड्या मैदानात लाल मिरची वाळत पसरलेली असायची, बायका ओळीनं बसून देठं खुडायच्या, आणि संध्याकाळी घरी आल्यावर लेकराला हात लावायची त्यांची छाती व्हायची नाही. आईनं एकदा धाकट्याच्या डोळ्यातलं कुसळ काढलं. त्यावर तो असा काही ओरडला, की मागच्या गल्लीतले लोक काठ्या घेऊन धावत आले. तेव्हापासून आईचे हात आणि आमचे चेहरे यांच्यात कायमचं अंतर पडलं. पीठ वडील मळायचे. तेही त्याच पथारीवर पोती उचलायचे आणि दिवसभर खोकायचे. बाप्या माणूस पीठ मळतो म्हणून कुणी हसलं, की म्हणायचे, "या ना घरी. हिच्या हातची एक भाकर खाऊन दाखवा."

आईचे हात लाल असायचे, गरम असायचे, सुजलेले असायचे आणि दुखायचे. हेच चार शब्द पुढे धुळ्याच्या कॉलेजात एका माणसानं फळ्यावर लिहिले, आणि जणू काही स्वतःच शोधून काढल्यासारखा आमच्याकडे वळून बघत राहिला. ते आमचे प्राणिशास्त्राचे बोरसे सर.

आमच्या घराण्यात कॉलेज हा शब्द तोवर बसच्या थांब्याचं नाव म्हणूनच माहीत होता. त्या थांब्यावर उतरून आत जाणारी मी पहिली. ही गोष्ट मी अजूनही न लाजता सांगते. लाजायचं तर ज्यांनी आम्हाला थांब्यावरच उभं ठेवलं त्यांनी लाजावं.

सर उंच, वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखे. आवाज खालचा. स्कूटर अशी, की ती सरांना कॉलेजात आणते की सर तिला, हे चढावर ठरायचं. त्यांच्याबद्दल नव्या पोरांना पहिली ताकीद मिळायची ती अशी: सर अहिराणीत शिव्या देत असले तर निर्धास्त राहा, शुद्ध बोलायला लागले तर पळा. "तुन्हा डोकामा काय शे रे, भुसा?" हे ज्याला ऐकायला मिळालं तो लाडका. "आपण बसावं, आपल्याला त्रास नको," हे ज्याच्या वाट्याला आलं त्यानं वर्षभर मान वर केली नाही.

आणि त्यांचे ते दोन शब्द. कुणी पाठ केलेलं उत्तर धडाधडा म्हणून दाखवलं, की सर डोळे मिटून, कीर्तनाला बसल्यासारखे, शेवटपर्यंत ऐकायचे. मग डोळे उघडून म्हणायचे, "बरं, मग?" त्या "बरं, मग?"खाली कित्येक हुशार पोरं गाडली गेली. कारण पुस्तकात पुढचं काही लिहिलेलं नसायचं.

पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी आईबरोबर पथारीवर गेले होते. सुटी संपली तेव्हा माझी बोटं अशी भाजलेली, की प्रॅक्टिकलला काचपट्टी धरवेना. सर येऊन उभे राहिले.

"काय हो, मेंदी काढून आलात का?"

"मिरची, सर."

सगळी पोरं हसली. सर हसले नाहीत. "हसा," ते म्हणाले. "यांच्या हातावर जे आहे तेच तुम्ही पाठ करणार आहात आणि परीक्षेत विसरणार आहात." त्यांनी मला टेबलावर हात ठेवायला लावला आणि अख्ख्या वर्गाला रांगेनं बघायला बोलावलं. "लाल. बघा. गरम. हात लावून बघा. सूज. आणि दुखतंय का?"

"हो सर."

"उत्तम," सर म्हणाले. माझ्या आयुष्यात माझ्या दुखण्याला उत्तम म्हणणारा हा पहिला माणूस. "आता सांगा. मिरची हा काय रोगजंतू आहे? नाही. मग अंगानं एवढा गदारोळ का केला?"

सरांनी माझा हात उलटा करून तळवा वर केला.

"नसांनी बोंब मारली, रक्तवाहिन्यांनी दारं उघडली. अंगाचा पहिला पहारा असाच असतो. कोण आलंय हे तो विचारत बसत नाही. काहीतरी बिघडलं एवढंच त्याला कळतं, आणि तेवढ्यावर तो गाव गोळा करतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर तुपाची छोटी डबी आपटली. "हाताला लावा. दया नाही ही. सरकारी काचपट्ट्या फुटतात."

शेवटच्या वर्षी प्रतिकारशक्तीचं प्रकरण आलं. पुस्तकात सरळ लिहिलं होतं: शरीर आपलं आणि परकं ओळखतं, परक्याला नाकारतं, म्हणून दुसऱ्याचा अवयव बसवला की लसिका पेशी त्याच्यावर तुटून पडतात. एका मुलीनं हे घडाघडा म्हटलं. सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि उघडले.

"बरं, मग? दुपारी खाल्लेली भाकर परकीच ना? बाईच्या पोटातलं लेकरू अर्धं परकं. त्यांना कसं नाही कुणी नाकारत?"

मग त्यांनी फळ्यावर एक ओटा काढला. खरोखरचा ओटा, त्यावर चार-पाच बाया, हातात सुपं. आमच्या सरांची चित्रकला अशी, की सुपं आणि बाया ओळखायला त्यांचीच मदत लागायची.

"गल्लीत नवी सून येते. परकीच असते. वाजतगाजत आली, तर ओट्यावरच्या बाया मान वर करतात, 'कोन शे व?' म्हणतात आणि पुन्हा डाळ पाखडायला घेतात. पण समजा, वाटेत गाडी उलटली. सून डोकं फुटून, रक्तानं माखून दारात आली. मग?"

"बोंब, सर," मागून कुणीतरी म्हणालं.

"हां. आता बोंब. ती ऐकून घरातली शिकलीसवरली माणसं बाहेर येतात आणि मग विचारतात, ही कोण? कुणाची? आपली का परकी? खटला तिथून उभा राहतो. तुमचं पुस्तक खटल्यापासून सुरू होतं. बोंब कुणी मारली ते लिहायला विसरलं."

दुसऱ्याची किडनी, सर म्हणाले, वाजतगाजत येत नाही. तिला कापतात, बर्फात घालतात, रक्तावाचून उपाशी ठेवतात. मग नव्या अंगात बसवून तिच्यात रक्त सोडतात. त्या घडीला ती जखमी असते, आणि रडते. ओट्यावरच्या बाया म्हणजे रक्तातल्या भक्षक पेशी. जन्मापासून तिथंच बसलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. त्या ते रडणं ऐकतात, धावतात, सूज येते. त्या सुजेतून निरोप जातो, आणि लसिका पेशी, त्या घरातल्या शिकल्यासवरल्या, वकिलाचा कोट घालून निघतात.

कुठल्याशा जुन्या मासिकात वाचलेल्या चार ओळींवर सरांनी हा सगळा ओटा बांधला होता, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. एकानं भीत भीत विचारलं, "सर, परीक्षेत हे लिहायचं का?"

"छे. परीक्षेत पुस्तकातलंच लिहा. तुम्हाला पास व्हायचंय, शहाणं थोडंच व्हायचंय?"

मी पास झाले. पुढचं शिकून आले आणि त्याच विभागात, त्याच काचपट्ट्यांच्या राज्यात, शिकवायला लागले. माझा पगार सुरू झाल्यावर आई पुन्हा पथारीवर गेली नाही. तिचे हात हळूहळू माणसासारखे झाले. एक दिवस तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, तर मी सवयीनं मागे सरकले. असो. गोष्ट सरांची आहे.

सरांचा चेहरा सकाळी सुजलेला दिसायला लागला तो नव्वद सालानंतर. रक्तदाबानं किडन्या कुरतडल्या होत्या, बऱ्याच वर्षांपासून. गंमत अशी, की रक्तदाब मोजायचं यंत्र आमच्या प्रयोगशाळेत होतं. सरांनी ते प्रत्येक तुकडीच्या प्रत्येक पोराच्या दंडाला बांधलं. स्वतःच्या दंडाला कधी बांधलं नाही. मास्तरांच्या जातीचा रोग हा. दुसऱ्याला शिकवायच्या गोष्टी स्वतःला लागू होत नाहीत, अशी आमची पक्की समजूत असते.

मग नाशिकच्या वाऱ्या सुरू झाल्या. एसटीनं जायचं, रक्त धुवून यायचं, दुसऱ्या दिवशी तास घ्यायचा. बरोबर काकू, म्हणजे सरांच्या पत्नी. स्टाफरूममध्ये प्रत्येकाजवळ एकेक रामबाण उपाय होता. अर्थशास्त्राचे सर बार्लीच्या पाण्याचा आग्रह धरायचे, मराठीचे सर एका बाबांचा पत्ता घेऊन आले. बोरसे सर सगळ्यांना हात जोडून म्हणायचे, "आपण फार कष्ट घेता." शुद्ध बोलले म्हणजे संपलंच.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, किडनी बदला, सख्ख्या नात्यातली मिळाली तर बरं. सरांना भाऊ दोन. चाचणीचं नाव निघालं आणि धाकट्याला त्याच आठवड्यात मधुमेह झाला. मोठ्याच्या बायकोला स्वप्नात कुलदैवत आलं, आणि कुलदैवतानं नेमकं किडनीवरच बोट ठेवून नको म्हटलं. "आमच्या कुलदैवताला शरीरशास्त्र येतं, हे मला ठाऊक नव्हतं," सर म्हणाले.

मग आली अक्का.

अक्का सरांची थोरली बहीण, शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात दिलेली. आडव्या बांध्याची. आवाज असा, की शेताच्या या बांधावरून त्या बांधावरच्या बैलाला हाक मारायची सवय घरातही सुटलेली नाही. ती आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, "नाना, मन्ही ली ले." माझी घे. जणू ताटातली भाकरी सरकवावी.

तिच्या नवऱ्यानं, दाजींनी, बाहेर आरडाओरडा केला. आम्हाला न विचारता कशी देते म्हणून. अक्का दारातूनच म्हणाली, "तुमले इचारीसन आनेल शे का ती? मन्हा बापना घरथीन आनेल शे." माझ्या बापाच्या घरून आणलीय म्हणे. दाजींनी चपला घातल्या आणि एसटी स्टँडची वाट धरली. कुठल्याही दाजींनी धरली असती.

चाचण्या जुळल्या. ऑपरेशन मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात झालं. लोकांना वाटतं, घेणाऱ्याचे हाल मोठे. त्या काळी उलटं होतं. सर लवकरच भिंतीला धरून चालायला लागले, आणि अक्का बरगडीखाली एवढा मोठा काप घेऊन कुशीवर पडून होती, हसलं तरी दुखत होतं. डॉक्टर येऊन म्हणाले, तुमची किडनी लगेच कामाला लागली बरं का.

"लागीच ना. आमना घरमा बशीसन खावानी रीत नही," अक्का म्हणाली, हसली, आणि मग हसल्याबद्दल स्वतःलाच शिव्या देत राहिली.

तिथंच तिनं ते वाक्य म्हटलं. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. दिवाळीपेक्षा मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि वर्षभराचं काम तेवढे दिवस विसरतात. अक्का छताकडे बघत म्हणाली, "मी वरीसमा एकदाव आखाजीले माहेरले जास. हाई ते कायमनी गयी. भाग्य शे तिन्हं." मी वर्षातून एकदा जाते, ही तर कायमची गेली.

सर पलीकडच्या खाटेवरून म्हणाले, "माहेर झालं म्हणून काय झालं? तिथंही भावजया असतातच. माझ्या अंगातल्या भावजयांना आता रोज गोळ्या घालून झोपवायचं आहे. जन्मभर."

एवढं कळत होतं त्यांना. हे लक्षात ठेवा.

धुळ्याला देवपुरातल्या घरी परतल्यावर डॉक्टरांची ताकीद होती: गर्दी नको, सर्दीपडशाचा माणूस जवळ नको. प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेली, साधा ताप महागात पडायचा. आता आमच्या खानदेशात आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे त्याच्या मरणाची वाट बघणं. गावाहून टेम्पो भरून माणसं आली. सरांनी उपाय काढला. स्वतः आतल्या खोलीत खिडकीच्या गजांपाशी खुर्ची टाकून बसायचे, आणि मंडळी बाहेर अंगणात. येणारे गजांतून केळी दाखवायचे, पोरं टाळ्या वाजवायची. "प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाला पिंजऱ्यात बघायला तिकीट नाही," सर म्हणायचे. "उद्यापासून शेंगदाणे टाकले तरी चालतील."

अक्का मात्र आत होती. टाके सुकेपर्यंत ती भावाकडेच राहणार होती. आणि पडून राहणं तिच्या रक्तात नव्हतं. भावाचा चेहरा उतरलेला, गोळ्यांनी भूक गेलेली, आणि आपल्या किडनीवर एवढा भार. तिनं गावाहून येणाऱ्या पुतण्याला सांगून कडुनिंबावर चढलेली गुळवेल मागवली. आमच्याकडे ताप येवो, अशक्तपणा येवो, गुळवेल ठरलेली. अंगात ताकद भरते, कुठलाही रोग आत शिरू देत नाही, असा तिचा लौकिक. रोज सकाळी अक्का ती कुटून, उकळून, गाळून भावाला द्यायची. सर नाक न मुरडता प्यायचे. हे आम्हाला सगळं नंतर कळलं.

म्हणजे मुंबईचे डॉक्टर पहारेकऱ्यांना झोपवत होते, आणि किडनी देणारी बाई स्वतःच्या हातानं त्यांना जागं करायला निघाली होती. तिचा काय दोष? जन्मभर तिनं हेच ऐकलेलं, की आजारी माणसाची प्रतिकारशक्ती वाढवावी. ती कमी करून माणूस जगतो, हे सांगितलं असतं तर तिनं डॉक्टरांनाच काढा पाजला असता.

सर कॉलेजात पुन्हा रुजू झाले, खुर्चीत बसून तास घ्यायला लागले. अक्का तिच्या गावी गेली, पण गुळवेलीचं गाठोडं काकूंच्या हवाली करून. तो पुतण्या एकदा शिंकत शिंकतच नवं गाठोडं देऊन गेला. पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. मी मागच्या बाकावर पेपर तपासत होते. सर सुजेवर बोलत होते, आणि त्यांचा हात सारखा पोटाच्या उजव्या बाजूला खाली जात होता. नवी किडनी तिथं बसवतात. बोलता बोलता ते उठले, फळ्यावर ते चार शब्द लिहिले, आणि खडूनं एकेकावर टिचकी मारली.

"लाली. ही आत आहे, तुम्हाला दिसायची नाही. उष्णता. काल संध्याकाळपासून अंगात ताप आहे. सूज." त्यांनी पँट थोडी वर केली. घोटे मुसळासारखे झाले होते. "वेदना. आहे. लघवी निम्म्यावर आली आहे, पण ते या यादीत बसत नाही."

सरांनी खडू ठेवला, हात झटकले.

"बरं, मग?" ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून अगदी शुद्ध मराठीत म्हणाले, "बाई, आपण जरा गाडीची व्यवस्था करता का?"

ती शुद्ध मराठी ऐकून मी पेपर तिथंच टाकले आणि धावले.

जीपनं आम्ही मुंबई गाठली. मी, काकू आणि मागच्या सीटवर आडवे सर. वाटेत ते एकदाच बोलले. "माझी असती तर गेली म्हणून सोडून दिली असती. दुसऱ्याची वस्तू आहे."

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. सुई घालून किडनीचा बारीकसा तुकडा काढला, तपासला. म्हणाला, सूज भरपूर आहे, पेशींची गर्दी झालीय, शरीर हिला बाहेर काढायला निघालंय. मग विचारलं, "आमच्या गोळ्यांशिवाय आणखी काही घेत होता?"

सर पंख्याकडे बघत राहिले. काकू म्हणाल्या, "गुळवेलीचा काढा."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "सर, तुम्ही हाच विषय शिकवता ना? आम्ही इकडून पहारेकऱ्यांना झोपवतोय, आणि तुम्ही तिकडून त्यांना चहा पाजताय?"

सरांना कुणी टोमणा मारावा आणि त्यांनी परत मारू नये, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. डॉक्टर गेल्यावर म्हणाले, "पोरगा हुशार आहे. उपमा बरी देतो."

काकूंचा मात्र बांध फुटला. "तुम्हाला कळत होतं ना सगळं? मग प्यायलात कशाला? मला का नाही सांगितलं?"

सरांनी अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "किडनी घेताना तिला नाही म्हटलं नाही. काढ्याला कोणत्या तोंडानं म्हणू?"

शिरेतून भारी औषधं सुरू झाली. रोज रक्त तपासायचे, रोज आम्ही डॉक्टरच्या भुवयांकडे बघायचो. आकडे हलेनात. एक दिवस सर मला म्हणाले, "अक्काला सांगायची वेळ आली तर तुम्ही सांगा. मला जमणार नाही." वर्गात भल्याभल्यांची चामडी सोलणारा माणूस, आणि एका अडाणी बहिणीला भीत होता. त्यानंतर आकडे खाली यायला लागले. हळूहळू, कुरकुरत, पण आले. किडनी वाचली.

नेमकं कशानं झालं, हे डॉक्टरनं छातीवर हात ठेवून सांगितलं नाही. काढ्यानं असेल, पुतण्याच्या पडशानं असेल, दोन्हींनी असेल, कशानंच नसेल. काढा मात्र बंद, एवढं त्यानं बजावलं. आता प्रश्न एवढाच, की हे अक्काला सांगणार कोण?

अक्काला फक्त 'ताप होता' एवढं कळलं होतं. तरी ती आलीच, नवी गुळवेल घेऊन. सर घरी परतून पुन्हा गजांआड, पिंजऱ्यात बसले होते. तिलाही बाहेरच थांबवलं, तसं तिचं तोंड एवढंसं झालं. "मन्ही किडनी कशी शे?" तिनं गजांना धरून विचारलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

सर म्हणाले, "काय सांगू अक्का? तुन्ही किडनी लई ताकदनी शे. तुन्हा काढामुळे आखो चेव चढना तिले. डॉक्टर घाबरी गया. म्हने, आते ताकद देऊ नका, नहीतर आमले आवरनार नही."

अक्का बघतच राहिली. मग तिची छाती अशी फुगली, की टाक्यांची भीती वाटली. "मी सांगेल व्हतं ना!" ती अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "तुमना शहरना डॉक्टरले काय माहीत, हाई कोनी किडनी शे ते!" गुळवेल तिनं तिथंच बकरीपुढे टाकली. गावात जाऊन तिनं सांगितलं, की मन्ही किडनी इतकी दणकट, की मुंबईच्या डॉक्टरनं हात टेकले. अजून त्या गावात हीच कथा चालते, आणि माझी ती दुरुस्त करायची इच्छा नाही. सर आयुष्यात एकच गोड खोटं बोलले, आणि त्यातही निम्मं शास्त्र होतं.

पुढे काही वर्षांनी परदेशी मासिकांतून लेख यायला लागले. अवयव नाकारला जाण्यात अंगाच्या जन्मजात पहाऱ्याचा हात मोठा असतो, जखमी अवयवाची सूज हीच पहिली ठिणगी असू शकते, वगैरे. सरांनी ते लेख स्टाफरूममध्ये आणून माझ्यापुढे टाकले. "म्हणजे विलायतेतही ओटे असतात तर. मला वाटलं, नुसते बंगले." मग जरा वेळानं म्हणाले, "पण बाया एवढ्या वाईट नसतात हो. आग लागली तर पहिल्यांदा त्याच धावतात. मी त्यांची जरा जास्तच बदनामी केली." सरांनी कुणाचीही माफी मागितल्याचा हा एकमेव प्रसंग, आणि तीही पेशींची.

त्यांचं शेवटचं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आहे ते एका आखाजीचं. सर निवृत्त झाले होते. त्यांचे आईवडील कधीच गेलेले, म्हणून अक्काचं माहेर म्हणजे देवपुरातलं हेच घर. अंगणातल्या कडुनिंबाला काकूंनी दोराचा झोका बांधून घेतला होता. आत खापरावरच्या पुरणपोळ्या चालल्या होत्या, आमरसाचं पातेलं पाण्यात ठेवलं होतं. माझी आईही मदतीला आली होती, पीठ तीच मळत होती. मी पोळ्या वाढायला म्हणून आलेली.

अक्का नऊवारी सावरत झोक्यावर बसली, आवाज फुटेपर्यंत हसली, दोन हेलकावे घेतले आणि पाय टेकवून थांबली.

"नाना, आते तू बस."

"मी? अक्का, झोका माहेरवाशिणीचा. बाप्या माणसानं बसायचं नसतं."

"तुले कोन सांगस?" अक्का म्हणाली आणि त्याच्या पोटाच्या उजव्या अंगाकडे बोट केलं. "ती बी माहेरले येल शे ना. इतला वरीस व्हई गया, तिले एकदाव बी झोका दिधा का तू?"

सरांनी आमच्याकडे बघितलं. काकू दारात, मी हातात ताट घेऊन, शेजारच्या बाया खरोखरच्या ओट्यावर. मी वाट बघत होते, की आता काहीतरी सणसणीत येणार. सरांनी तोंड उघडलं.

"बरं, मग?" ते म्हणाले, आणि धोतराचा सोगा गुडघ्यात आवळून, मोठ्या गंभीरपणे, झोक्यावर बसले. अक्कानं मागून झोका दिला. लांबट पाय जमिनीला लागू नयेत म्हणून सरांनी ते समोर ताठ धरले होते. ओट्यावरच्या बाया सुपं खाली ठेवून बघत होत्या. कुणीच बोंब मारली नाही.

सर पुढे हृदयविकारानं गेले. अक्काची किडनी त्या दिवसापर्यंत नीट चालू होती.